बापाची बाधा

माझ्या पोरीला माझीच बाधा झाली, असं आख्ख्या वाडीने ठरवून टाकलं होतं. मी कुणाला उलटून बोललो नाही. सासूच्या घरात राहणारा माणूस, बोलून जातो कुठे?

तसा मी काही जन्माचा घरजावई नाही. मायुमी आठ महिन्यांची असताना मी सौदीला, जेद्दाला गेलो, बांधकामावर लोखंड वाकवायला. साडेपाच वर्षांत एकदाच घरी आलो. तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि मला बघून टेबलाखाली जाऊन बसली होती. मग कंपनी बंद पडली, मी फिलिपिन्सला, आमच्या मारिंदुके बेटावर परत आलो, आणि दोन महिन्यांत माझी बायको रोसेली हाँगकाँगला गेली, दुसऱ्यांची दोन पोरं सांभाळायला. स्वतःची एक इथे ठेवून. आमच्या बेटावर घरोघरी हेच चाललंय, त्यामुळे कुणी कुणाची कीव करत नाही.

मायुमी वाढली तिच्या आजीपाशी. सासूला मी इनांग म्हणतो. पोर तिला लोला म्हणते, तिच्याशी अगं-तुगं करते, तिच्या अंगावर उड्या मारते. मला 'बाबा' म्हणायची, पण त्याआधी जरा थांबायची, काहीतरी आठवल्यासारखी. आणि 'तुम्ही' म्हणायची. "बाबा, तुम्ही जेवलात का?" पाहुण्याला विचारतात ना, तसं. किनाऱ्यावरचं माझं जुनं घर मी नीट करून घेतलं होतं, नवे पत्रे घातले, खिडकीला जाळी लावली. पोरीला घेऊन तिथे राहायचं, एवढंच डोक्यात होतं. इनांग म्हणायची, "घर बांधशील रे, पण आजारी पडली की ही कुठल्या कुशीवर निजते, ते तरी ठाऊक आहे का तुला?" नव्हतं ठाऊक.

शेवटी रोसेलीने फोनवरून निकाल दिला. "सरकारचा बापांचा वर्ग सुरू झालाय आपल्याकडे. आठ शनिवार. तो पुरा कर. वर्ग घेणाऱ्या ऑफेलिया मॅडमनी कागद दिला, की मायुमीला घेऊन जा. इनांग, ऐकलंस ना?" इनांग लगेच कबूल झाली. तिची खात्री होती, मी दुसऱ्या शनिवारीच पळ काढणार.

बाप व्हायला सरकार शिकवणार, यावर मला आधी हसूच आलं. फिलिपिन्सच्या सरकारला दुसरे उद्योग नाहीत का? पण सभागृहात गेलो तर अठरा जण बसलेले. कोळी, सुतार, गवंडी, सगळे मोठमोठ्या पंज्यांचे गडी, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक प्लास्टिकची बाहुली. लंगोट बांधायला शिका. दोरीची वेणी घालायला शिका. काचेचा थर्मामीटर वाचायला शिका. ओरडायच्या आधी दहा आकडे मोजा. घरी परतताना दुकानापुढे माडी पीत बसलेले टोणगे आमची वाटच बघत असायचे. "आले बघा बायकोच्या घागऱ्याखालचे वीर! आज काय शिकलात, दूध पाजायला?"

"हो तर," माझा मित्र तासियो म्हणायचा, "ये की जवळ, तुझ्यापासूनच सुरुवात करतो."

तासियो साइडकारवाली रिक्षा चालवतो. पाच पोरांचा बाप, तरी मॅडमचा शब्दन् शब्द पोरीच्या वहीत उतरवून घ्यायचा. मी त्याला हसायचो. पाचव्या शनिवारी आरोग्याच्या नर्सबाई डेंग्यूवर बोलायला आल्या, तेव्हाही मी मागच्या बाकावर बसून त्याला जेद्दाच्या मुकादमाची नक्कल करून दाखवत होतो आणि तो मला कोपराने ढोसत होता, "गप बस की जरा!"

त्या दिवशी जाताना मॅडमनी घरचा अभ्यास दिला. "रोज आपल्या मुलाचं एक तरी कौतुक करायचं. त्याच्या तोंडावर, मोठ्याने. पुरुषांना हे जमत नाही, म्हणून सांगते."

आता ऐका. आमच्याकडे लेकराचं कौतुक असं उघडंवाघडं कुणी करत नाही. परक्या माणसाने 'किती गोड पोर' म्हटलं, की मागोमाग 'पुएरा उसोग' म्हणायचं, म्हणजे बाधा लांब राहो. म्हणायचं राहिलं आणि पोराला ताप चढला, पोट दुखलं, तर ज्याची बाधा त्यानेच बोटावर थुंकी घेऊन पोराच्या पोटाला लावायची. की उतरलं. पण हे सगळं परक्यांसाठी. आईबापाची बाधा लेकराला होत नाही. म्हणून मॅडमनी आम्हाला त्या शब्दांची आठवण केली नाही, आणि माझ्याही मनात ते आले नाहीत.

बुधवारी मायुमी शाळेतून आली. सकाळी तिच्या दोन वेण्या मीच घातल्या होत्या, एक वर, एक खाली. तरी तशीच दिवसभर मिरवून आली होती बिचारी. मी धीर केला. "मायुमी, किती देखणी दिसतेस गं तू!" ती लाजली, इनांगकडे बघून हसली आणि पळाली. दिवेलागणीला तिचं अंग तव्यासारखं तापलं.

पारा चाळिशीला टेकला. मी तो तीनदा झटकून तीनदा लावला.

"तू तिला काय म्हणालास?" इनांगने विचारलं.

"काही नाही. देखणी दिसतेस म्हणालो."

"आणि पुढे?"

"पुढे काय? मी बाप आहे तिचा. बापाची बाधा होत नसते."

"तेच म्हणते मी," इनांग म्हणाली. "बाप असतास तर झाली नसती."

मी उठून बाहेर गेलो. दहा आकडे मोजले, मग आणखी वीस मोजले.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. तापाच्या गोळीने तासभर उतरायचा, पुन्हा चढायचा. पोर डोळे दुखतात म्हणायची, हाडं दुखतात म्हणायची. मला जेवण जाईना. मी म्हटलं, इस्पितळात नेऊ या. इनांग आडवी आली, "बाधा झालेल्या लेकराला सुई टोचली की बाधा आत शिरते. आधी थुंकी लाव, मग ने कुठे न्यायचं तिथे." शेजारच्या बायका दारातून डोकावत. "अजून लावली नाही? कसला हा माणूस! पोर जाईल, पण याचा तोरा जायचा नाही."

पोर जाईल, हे मी आतून ऐकत होतो. आणि खरं सांगतो, मी नुसता हट्टाला पेटलो नव्हतो, मी घाबरलो होतो. लावली आणि उतरला नाही तर पोर हातची जाणार. लावली आणि उतरला, तर मी परका ठरणार, सगळ्यांसमक्ष, कायमचा. आणि न लावावी, तर सुईबरोबर बाधा आत शिरण्याची भीती मलाही वाटत होतीच. मीही याच वाडीत वाढलोय, जेद्दाला जाऊन माणूस बदलतो थोडाच.

शनिवारी मी हार खाल्ली. वर्गाला दांडी मारली. पलंगापाशी गुडघ्यावर बसलो. मायुमीने माझ्याकडे पाहिलं आणि काही न सांगता स्वतःच फ्रॉक वर केला. पाहुण्यांकडून थुंकी लावून घ्यायची सवय असणार तिला. एवढंसं पोट, भट्टीसारखं तापलेलं. मी बोट जिभेवर टेकवलं, तर तोंडाला थुंकीच नाही, इतकी कोरड पडली होती. इनांगने मुकाट्याने पाण्याचा पेला पुढे केला. मी लावली थुंकी, म्हणालो, 'पुएरा उसोग.' पोर म्हणाली, "तुम्ही रागावलात का, बाबा?"

"नाही गं राणी."

रविवारी सकाळी ताप उतरला.

साफ उतरला. कपाळ गार, पारा खाली. इनांगने आलं-कोंबडीची पातळ पेज चढवली, दारात बायकांचा गलका उडाला. "बघा! म्हटलं नव्हतं? परकाच निघाला की!" "तीन दिवस उगाच छळलं पोरीला." एकीने तर माझ्या पाठीत धपाटा घातला, "ओळख करून घे आता लेकीशी, पावडर-बिवडर लावून!" सगळ्या खिदळल्या. मीही हसलो. पोर वाचली होती, मग हसायला काय जातं माझं?

इनांगने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पहिल्यांदाच. आवाज मऊ करून म्हणाली, "होईल रे सवय तिला. दोन-चार वर्षं जाऊ देत. तोवर राहू दे माझ्याकडे. मी रोसेलीला सांगते."

"बरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पुरावाच होता ना समोर.

बायका गेल्या. इनांग चुलीपाशी होती. मी पोरीजवळ बसून राहिलो. पेज तिने दोन चमचे घेतली आणि तोंड फिरवलं. झोप येते म्हणाली. झोपू दे, चार रात्री धड झोप नाही, असं मी मनाशी म्हटलं. दुपार होत आली. तिचा हात हातात घेतला तर गार. नुसता गार नाही, ओलसर गार, बर्फातून काढलेल्या मासळीसारखा. मी तो चोळला, तरी गारच. "पोट दुखतंय," ती पुटपुटली, आणि वळून ओकली. पाय पोटाशी घेऊन पुन्हा पडली. हाक मारली तर डोळे उघडायची, मिटायची.

मी तिचा हात खिडकीच्या उजेडात धरला. कोपराच्या आतल्या बाजूला लाल ठिपके. बारीक, दाबले तरी न जाणारे.

आणि आता जे सांगतो ते मी रोसेलीला अजून सांगितलेलं नाही. ते ठिपके बघून मला आनंद झाला. हो, आनंद. ही बाधा नाही, हा आजार आहे. म्हणजे माझ्यामुळे झालं नाही, म्हणजे मी परका नाही! एका श्वासाएवढाच टिकला तो आनंद. दुसऱ्या श्वासाला कळलं, मी कशावर खूश झालोय.

नर्सबाई काय म्हणाल्या होत्या? ताप उतरला की धोका टळला, की ताप उतरला की धोका सुरू? मी मेंदू पिळून काढला. काही आठवेना. मुकादमाची नक्कल तेवढी आठवत होती. मी तासियोच्या घराकडे धावलो, अनवाणी. तो अंगणात रिक्षा धूत होता.

"वही! तुझी वही कुठाय? डेंग्यूची!"

त्याने माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता आत जाऊन वही आणली. त्याच्या ओल्या बोटांनी पानं चिकटत होती. मी ओरडलो, "लवकर कर ना रे!" तो मोठ्याने वाचायला लागला, शाळेतल्या पोरासारखं, अक्षर अक्षर. "ताप उतरल्यावर... पोटात दुखणं, उलटी, हातपाय गार, सुस्ती... लगेच इस्पितळ. वाट बघू नये." खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"कधीपासून उतरलाय?" त्याने विचारलं.

"सकाळपासून."

 तासियोने बादली लाथेने उडवली आणि रिक्षाला किक मारली.

मी पोरीला चादरीत गुंडाळून उचललं तेव्हा इनांग दारात उभी होती. मला वाटलं, आता आडवी येणार, ओरडणार, गाव गोळा करणार. "बरी झालीय रे ती," एवढंच म्हणाली, आणि तेही आवाजात जोर नसलेलं. मग माझ्यामागोमाग तीही साइडकारमध्ये चढली, चप्पल न घालता.

इस्पितळ चाळीस मिनिटांवर. तासियोने किती मिनिटांत नेलं मला ठाऊक नाही, मी पोरीचा श्वास मोजत होतो. मध्येच तो लागेनासा झाला की मी तिला हलवायचो. रस्त्यावर लग्नाची गर्दी होती, तासियो हॉर्न वाजवत शिव्या देत होता, आणि लोकांना वाटत होतं आम्हीही वऱ्हाडीच. एकजण हात हलवून हसला. मायुमी एकदाच बोलली. "बाबा, तुम्ही एवढं घट्ट धरू नका ना." मी हात सैल केले आणि लगेच पुन्हा आवळले. सोडले तर जाईल असं वाटत होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलता बोलता हात चालत होते. ताप कुठल्या दिवशी आला? किती वाजता? ते मी सांगितलं. लघवी शेवटची कधी झाली? आधी कधी डेंग्यू झालाय का? कुठलं औषध सोसत नाही? मी इनांगला पुढे केलं. इनांगने सगळं सांगितलं, धडाधड. चार वर्षांची असताना काय झालं होतं, कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं. माझ्या पोरीच्या आयुष्यातलं मला पहिल्यांदाच कळत होतं, ते असं.

"रक्तदाब फार खाली गेलाय," बाई म्हणाल्या. "सलाइन लावतोय. पुढचे दोन-तीन तास काय होतं ते बघायचं. तुम्ही बाहेर थांबा."

बाहेर बाक होता. तासियो पाणी आणतो म्हणून गेला. इनांग आणि मी, दोघंच. पंख्याचा कट्-कट् आवाज. आतून पोरीचा आवाज नाही, रडणं नाही, काही नाही. सुई टोचली तरी ती रडली नव्हती, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. कुणी दार उघडलं की वाटायचं, आता सांगणार.

मला ते पोटात ठेवता येईना. "इनांग," मी म्हणालो, "ठिपके बघितले ना, तेव्हा मला आनंद झाला होता. म्हटलं, चला, मी परका नाही. पोर मरायला टेकली होती आणि मी खूश झालो. मार मला."

तिने मारलं नाही. वर बघितलंही नाही. आपल्या अनवाणी पावलांकडे बघत म्हणाली, "मी सकाळीच बघितले होते."

"काय?"

"ठिपके. अंग पुसताना. पोटऱ्यांवर होते, चार-पाच." तिने बाहीने नाक पुसलं. "डासाचे असतील म्हटलं. डासाचे नाहीत, हे मला कळत होतं रे. एवढी पोरं वाढवली मी. पण बायका म्हणत होत्या परका निघाला... आणि तू 'बरं' म्हणालास. पोर माझ्यापाशी राहणार होती. म्हटलं, आजचा एक दिवस जाऊ दे. उद्या बघू."

सकाळपासून दुपारपर्यंत. मी तास मोजले. माझा हात वर गेला, खोटं कशाला बोलू, गेला. म्हातारीने मान पुढे केली.  हात खाली आणून मी बाकाची कड धरली. तिला काय मारू? तिने अर्धा दिवस चोरला, मी तीन दिवस माझ्या मानासाठी पोरीला तापात ठेवलं. दोघांनाही पोर हवी होती. इतकी हवी होती, की ती जातेय हे दिसेना.

दार उघडलं. नर्स बाहेर आली. मी तिच्या तोंडाकडे बघूच शकलो नाही.

"एकजण आत या. ओळखीचं माणूस हवं तिच्याजवळ. कोण येतंय?"

मी इनांगकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मला उठता येईना. तिलाही. कुठल्या तोंडाने आत जायचं? नर्स वैतागली. "अहो, कोण आहे तिचं? ऐकू येतंय का?"



तेवढ्यात आतून आवाज आला. फाटलेला, बारीक, पण सगळ्या व्हरांड्यात ऐकू जाईल असा. "आई! आई गं!" मला नव्हे, लोलालाही नव्हे. रोसेली त्या वेळी हाँगकाँगमध्ये कुणाच्या पोरांना जेवू घालत असेल.

"रडायला लागली, बरं झालं," नर्स म्हणाली. "इतका वेळ हूं की चूं नव्हतं."

इनांग आणि मी एकदमच उठलो.

"एकजण म्हटलं ना मी?" नर्स दारात आडवी आली. आम्ही तिला बाजूला सारून दोघंही आत गेलो.